कबुतरांचे दाणे बंद

५ जानेवारी, सोमवार

पावती फाडली! माझ्या नावाची! वर निर्मलकुमार, खाली कारण — सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान. एकसष्ट वर्षांत विडीला हात लावलेला नाही. कांदा नाही, लसूण नाही, सूर्य मावळला की पाण्याचा घोटही नाही. आणि धूम्रपानाचा दंड मला!

तिघं आले होते. एक मिसरूड फुटलेला सरकारी डॉक्टर, एक पोलीस आणि एक नुसता फोटो काढणारा. भरदुपारी. क्लबातली सगळी टेबलं भरलेली, रमी रंगात आलेली. डॉक्टरने हिलाल आबांच्या पुढ्यातला ॲशट्रे उचलला. "शेठजी, हा कोणी ठेवला?" म्हटलं, क्लबचा आहे, गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी. म्हणे, ठेवणं हाच गुन्हा. चार भिंतींच्या आत लोक जमतात त्या जागेत ओढायचं नाही, आणि ओढू देणारा मालकही दोषी. बोर्ड कुठे आहे?

बोर्ड म्हणे! हातात तेरा पत्ते असलेला माणूस भिंत वाचत बसतो का? पत्त्याला बसलं की चहा लागतो आणि सिगारेट लागते. हे त्याच्या कॉलेजात शिकवत नसतील. म्हटलं, ते मोठमोठे कसिनो आहेत, तिकडे जा ना दंड करायला, धुळ्यात काय येता? तर हसला. "कायदा तिथेही हाच आहे, शेठजी." त्याचं ते हसणं डोक्यातून जात नाही.

जाताना बोलून गेला — तक्रार आली म्हणून आलो. फोन होता. कोणाचा ते सांगेना. नको सांगू. मला कळलं.

६ जानेवारी, मंगळवार

कुंदाबाईच. दुसरं कोण असणार? चहाच्या कौंटरवर आठ वर्षं उभी आहे. हल्ली येता-जाता खोकते. मुद्दाम, मला ऐकू जावं म्हणून. सगळी गिऱ्हाइकं चूप बसून पत्ते लावत असतात आणि कोपऱ्यातून हिचं सुरू.

बोर्ड लावला. संध्याकाळपर्यंत हिलाल आबांनी त्याच्यावर आपलं जाकीट टांगलं. आबा रस्त्यांची कंत्राटं घेतात, रोज येतात, त्यांच्यामुळे चार टेबलं भरतात. त्यांना कोण बोलणार?

९ जानेवारी, शुक्रवार

आज खिडकीवरून तमाशा.

क्लबात खिडकी हा फार नाजूक विषय आहे. ज्याला पत्ता लागतो तो खिडकी उघडू देत नाही. हवा बदलली की पत्ता फिरतो, अशी सगळ्यांची पक्की समजूत. हरणारा म्हणतो उघडा, जिंकणारा म्हणतो बंद ठेवा. आणि लागलेल्या पत्त्याचा मान सगळेच ठेवतात. कोणी ना कोणी तर रोज जिंकतच असतं! म्हणून रस्त्याकडच्या दोन्ही खिडक्या मे महिन्यातही बंद असतात. पंखा नाही, पत्ते उडतात. हा रिवाज मी केला नाही, पण मोडणारही नाही. माझ्या धंद्याचं ते देवघर आहे.

तर कुंदाबाई सगळ्यांसमोर येऊन उभी. "शेठ, खिडकी उघाडू का? धूर भलता शे. मना जीव घाबरस."

मी काही बोलायच्या आत आबा पत्त्यांतून मान वर न करता म्हणाले, "हात नको लावू वं खिडकीले. आते कुठे पत्ता लागी रायना."

गेली परत. आणि तिथे जाऊन खोकली. असा संताप आला! जीव घाबरतो तर घरी बस ना. कोणी बांधून ठेवलंय?

१२ जानेवारी, सोमवार

पहाटे नातीला, प्रियलला धाप लागली. पाच वर्षांची पोर, श्वास घेताना गळ्याजवळ खड्डा पडत होता. मुलगा जिनेश सुरतेला, कापडाच्या कामाला. सून विधी तिला कडेवर घेऊन तशीच अनवाणी जिना उतरली. मी रिक्षा शोधायला चौकापर्यंत पळालो. मला पळता येतं हे मलाच माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी वाफ दिली. तोंडाला तो मास्क. माझी पोर मास्कच्या वरून माझ्याकडे बघत होती. मी तिच्यासमोर रडलो नाही.

बालदमा म्हणाले. मग चौकशी. "घरात कोणी ओढतं?" मोहनबाईने माझ्याकडे पाहिलं. बायको म्हणून चाळीस वर्षं झाली, तिचं पाहणं मला कळतं. मी ठणकावून सांगितलं, डॉक्टरसाहेब, जैनाचं घर आहे. घराखाली काय आहे ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. क्लब खाली, घर वर. मध्ये स्लॅब आहे, कागद नाही.

मग विचारलं — पाळीव प्राणी? पक्षी? विधी म्हणाली, गच्चीवर कबुतरं असतात, बाबूजी दाणे टाकतात. डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. "कबुतरांच्या विष्ठेनेही त्रास होतो. बघा."

कबुतरं!

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

दाणे बंद केले.

वडिलांनी सुरू केलेलं. तेव्हा आमची गल्लीत एक खोली होती आणि घरात ज्वारी मोजून यायची, तरी पहिली मूठ पाखरांची. वडील गेले त्या दिवशीसुद्धा मी आधी गच्चीवर गेलो होतो. आणि आज, संक्रांतीच्या दिवशी, जेव्हा कोणीही जीवदयेला दोन दाणे टाकतो, तेव्हा मी गच्चीवर जाळी बांधून घेतली.

नातीसाठी माणूस काय काय सोडतो! विधीला सांगितलं, बघ, बापाचा वसा मोडला तुझ्या लेकीसाठी. ती म्हणाली, "हो बाबूजी." एवढंच. जरा बरं बोलायला काय जातं?

मोहनबाई तिळगूळ देतानाही बोलली नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

कबुतरं समोरच्या तारेवर बसून आहेत. जाळीकडे बघतात. मी गच्चीवर जाणं बंद केलं.

१८ जानेवारी, रविवार

जळगावहून व्याह्यांचा फोन. विधीचे वडील. गोड बोलून टोचण्यात हा माणूस पटाईत. "शेठ, पोरीला थोडे दिवस हवापालटाला पाठवा." आमची हवा वाईट आणि यांची चांगली! म्हटलं, कारण सापडलंय, बंदोबस्तही केलाय. काय कारण? सांगितलं, कबुतरं. मग म्हणे, "असं का." याला काही कळत नाही.

२१ जानेवारी, बुधवार

तोडगा निघाला! आबांचाच. "शेठ, मांगनी भिंतले मोठा पंखा बसाडी द्या. धूर बाहेर गया का सरकारबी खूश, आम्हीबी खूश." खिडकी उघडायला नको, हवा बदलायला नको, पत्ता फिरायला नको. धूर तेवढा ओढून बाहेर फेकायचा.

लगेच बसवून घेतला. रस्त्याकडे नाही लावला, धूर दिसला तर पथकाला आयतं आमंत्रण. मागच्या बाजूला, इमारतीच्या मधोमध हवेसाठी सोडलेली मोकळी जागा आहे, तिकडे तोंड केलं. क्लब असा स्वच्छ झाला की आबांनी स्वतः पाठ थोपटली. कुंदाबाईचं तोंड पाहण्यासारखं होतं. आता कशाचं खोकशील?

खोकलीच. सवय दुसरं काय.

२४ जानेवारी, शनिवार

मोहनबाई म्हणते स्वयंपाकघरात वास येतो. विधी म्हणते तिच्या खोलीतही येतो, पोरीच्या उशीला येतो. म्हटलं, मागच्या घरात कोणी ओढत असेल, जाऊन सांगतो. "मागचं घर बंद आहे," मोहनबाई म्हणाली. बायकांना एकदा वास आला की येतच राहतो. खिडक्या लावून घ्या म्हटलं.

२७ जानेवारी, मंगळवार

पुन्हा आले! तोच डॉक्टर. पुन्हा फोन होता म्हणे. सगळे ॲशट्रे पोत्यात भरून नेले. आबांना त्यांच्या नावाची पावती फाडली, ते उठून गेले, त्यांच्यामागे चार टेबलं रिकामी. मला नोटीस — असंच चाललं तर परवान्याबद्दल वर लिहितो. पंखा दाखवला. म्हटलं, बघा, खर्च करून लावलाय. त्याने मान वर करून पंख्याकडे पाहिलं. "पंखा लावला म्हणजे ओढायची परवानगी मिळत नाही. आणि शेठजी, हा धूर जातो कुठे?"

म्हटलं, बाहेर.

तो गेल्यावर कुंदाबाईला बोलावलं. उद्यापासून येऊ नको. ती उभीच राहिली. पदराने हात पुसत होती, हात कोरडे होते तरी.

"मी फोन कया नही, शेठ. करना व्हता तं इतला दिन खोकत का बसतू?"

मी म्हटलं, वाद नको. तिने पातेलं घासलं, गॅसचा कॉक बंद केला, ओटा पुसला आणि गेली. ती चौकात पोचेपर्यंत खोकल्याचा आवाज येत होता.

शांत झालं. आता बरं वाटेल.

२८ जानेवारी, बुधवार

चहा कोणालाच जमेना. आबा आले नाहीत.

१ फेब्रुवारी, रविवार

प्रियलला ॲडमिट केलं. या वेळी वाफेने भागलं नाही, ऑक्सिजन लावला. ओठ निळसर पडले होते. देवा, माझ्या वाट्याचे श्वास दे तिला.

आणि हे कबुतरं बंद केल्यावर! एक पीस नाही गच्चीवर, आणि त्रास दुप्पट! मग डॉक्टरांना काय कळतं? उगाच मला पाप करायला लावलं.

४ फेब्रुवारी, बुधवार

दवाखान्यातून सुटी मिळाली आणि विधी पोरीला घेऊन परस्पर जळगावला गेली. माहेरी. घरी पायसुद्धा ठेवला नाही. मला विचारलं नाही, जिनेशला फोन केला आणि तोही हो म्हणाला. माझा मुलगा! घर मी बांधलं, वरचा मजला त्यांच्यासाठी चढवला, आणि कोणी विचारत नाही.

मोहनबाईने विधीची बॅग आधीच भरून ठेवली होती. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.

८ फेब्रुवारी, रविवार

जेवताना विषय निघाला. मीच काढला. म्हटलं, त्या कुंदाबाईने घर उद्ध्वस्त केलं. तिचा फोन आला नसता तर पथक नाही, आबा गेले नसते, मनस्ताप नाही. पोरीकडे नीट लक्ष दिलं असतं मी.

मोहनबाईने भाकरी ताटात ठेवली.

"फोन मी केला."

मला वाटलं चेष्टा करते. तिने आयुष्यात चेष्टा केलेली नाही.

"दोन्ही वेळा मीच. तुम्ही माझं ऐकत नाही. वाटलं, सरकारचं ऐकाल." मग म्हणाली, "कुंदाबाईला काढलंत तेव्हा बोलायला हवं होतं. भ्याले."

ताट सरकवून उठलो. माझ्या घरातून, माझं मीठ खाणारी बाई, माझ्यावर सरकार घालते! चाळीस वर्षं! काय काय बोललो ते लिहीत नाही. ती ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "खालचा पंखा चालू करा आणि पोरीच्या खोलीत जाऊन बसा. दार लावून."

मी कशाला बसू? मला काय सिद्ध करायचंय?

९ फेब्रुवारी, सोमवार

बोलणं बंद. उद्या जळगावला जातो आणि पोरीला घेऊन येतो. व्याह्यांना तोंडावर सांगणार — आमच्याकडे आता एक कबूतर नाही. जाळी बांधली आहे. बापाचा वसा मोडला आहे. अजून काय करायचं माणसाने?

१० फेब्रुवारी, मंगळवार. जळगाव

दारात विधी होती. म्हणाली, वर आहे. गच्चीवर गेलो.

व्याही पायरीवर बसले होते, मांडीवर ज्वारीची परात. आणि गच्चीभर कबुतरं. आमच्याकडे कधी नव्हती एवढी. त्यांच्या मधोमध प्रियल, अनवाणी, दोन्ही हातांनी दाणे उडवत पळत होती. कबुतरं उडायची, बसायची, ती पुन्हा पळायची, ओरडायची, हसायची. मी थांबून ऐकत राहिलो. धाप नव्हती.

व्याह्यांनी परात थोडी माझ्याकडे सरकवली.

तिला आणलं नाही. स्टँडवर येऊन कुंदाबाईला फोन लावला. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. तिने उचलला, आणि आधी खोकली.