बारा आट्यांच्या भोकात तेरा आट्यांचा बोल्ट

बुध. ९ नोव्हेंबर १९८३
इनास मास्तरांची गाडी उघडायला घेतली त्याला आज आठवडा. भुईगावात त्यांच्या केळीच्या वाडीमागे छपरात एकतीस वर्षं उभी होती. खारा वारा काय सोडतो! एकेक बोल्ट डिझेलमध्ये भिजवायचा, दुसऱ्या दिवशी पाना लावायचा, निघाला तर निघाला. गुडघे बोलायला लागलेत. सौ. म्हणते, चौपन्नाव्या वर्षी गाडीखाली शिरतात का? नाही शिरत. पण मास्तरांना नाही म्हणता येईना.

शुक्र. ११
मास्तरांना एकदा मुंबईच्या जुन्या गाड्यांच्या रॅलीत वडिलांच्या गाडीतून जायचंय. पासष्ट वर्षांचा माणूस, दुसरं काही मागत नाही. रॅलीवाल्यांनी छापील तक्ता पाठवलाय: कुठला बोल्ट कंपनीचा, कुठला बदललेला, कोणी बदलला. बदललेला चालतो म्हणे, लपवलेला चालत नाही. भरायचं काम माझ्याकडे.

सोम. १४
एकशे दहा बोल्ट झाले. कंपनीच्या बोल्टाच्या डोक्यावर बारीक उठावाची अक्षरं असतात. तारेचा ब्रश मारला की गेली ती. म्हणून दात घासायचा जुना ब्रश आणि रॉकेल. डोळ्यांत पाणी येतं.
मास्तर शेजारी खुर्ची टाकून बसतात, परीक्षेच्या वर्गावर पहाऱ्याला बसायचे तसे. "हा?" कंपनीचा. "हा?" बाजारचा. बाजारचा म्हटलं की पुटपुटतात, "गुस्तीनची करणी." गुस्तीन मिस्त्रींनी मला पाना धरायला शिकवलं. जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी मास्तरांचा राग अजून ताजा. मी मान खाली घालून ब्रश मारत राहिलो.

बुध. १६
गिअरबॉक्स उतरवला. कमरेचा काटा ढिला.
धरणारे सहा बोल्ट, अर्ध्या इंची. डोकी कोरी. आटे मोजायची पट्टी लावली. गाडी इंग्लिश, आणि या जाडीच्या इंग्लिश बोल्टाला इंचात बारा आटे असतात, हे तेरा. म्हणजे अमेरिकन. लढाईनंतर लष्कराचा उरलेला माल मुंबईच्या बाजारात गोण्यांनी यायचा, त्यातले. बाराच्या भोकात तेराचा बोल्ट दोन-तीन फेरे गुमान जातो, मग अडतो. शहाणा माणूस तिथे थांबतो. हे कुणीतरी पान्याला पाइप घालून दामटलेत. भोकं फाटलीत. गिअरबॉक्सचा एक कान, बोल्ट बसतो तो, तिथूनच तुटलाय.
लांबी जास्त होती म्हणून टोकं करवतीने कापलेली, वर कानस फिरवलेली. कानशीचा उतार उलटा, डाव्या हाताचा.
मिस्त्रींच्या गॅरेजात डावखुरा मी एकटाच होतो.
दु. जेवलो नाही.

गुरु. १७
लिहून टाकतो. आतापर्यंत हे स्वतःलासुद्धा धड सांगितलेलं नाही. मनात नेहमी "तेव्हा काहीतरी झालं होतं" एवढंच.
१९५२. मास्तरांच्या बहिणीचं लग्न दोन दिवसांवर. गाडीच्या क्लचला नवं अस्तर भरलं होतं, गिअरबॉक्स परत चढवायचा होता. मिस्त्री पापडीला नातलगाकडे निघाले. म्हणाले, "वामन, बोल्ट मी आल्यावर लावू." मला करून दाखवायचं होतं. कंपनीच्या दोन बोल्टांचे आटे गेले होते, म्हणून सहाही नवे चकचकीत घातले. जोर लावताना काहीतरी सुटलं, हाताला कळलं होतं. बसला असेल, म्हटलं. मिस्त्री आले तेव्हा सांगितलं, सगळं घट्ट आहे.
लग्नाच्या सकाळी चर्चच्या अलीकडे कान तुटला, गिअरबॉक्स लोंबला. नवरी धुळीतून चालत गेली, मागून बँडवाले वाजवत. गावाला हसायला ते वर्षभर पुरलं.
मास्तरांच्या वडिलांनी अंगणात सगळ्यांदेखत विचारलं, कोणी लावले बोल्ट? मिस्त्री म्हणाले, "माझ्या गॅरेजात लागले ना, मग मीच लावले." मी पान्यांची पिशवी धरून मागे उभा होतो. तेवीस वर्षांचा, म्हणजे लहान नव्हतो.
म्हाताऱ्याने गाडी छपरात ढकलली, परत कुणाला हात लावू दिला नाही. मिस्त्रींचं गिऱ्हाईक तुटलं. गॅरेज बंद. मुंबईला गोदीत हमाली, तिथून खोकला घेऊन परत, चौसष्ट साली गेले. मला मुंबईच्या वर्कशॉपात नोकरी लागली ती मिस्त्रींच्याच चिठ्ठीवर.

शनि. १९
मास्तरांना बोल्ट दाखवले. अमेरिकन आहेत म्हटलं.
"मी काय सांगत होतो? लिही तक्त्यात. कोणी बदलला: गुस्तीन मिस्त्री."
पेन माझ्या हातात. लिहिलं. सहा बोल्ट, सहा ओळी, सहा वेळा. अक्षरही चांगलं आलं. लाज वाटते.

सोम. २१
ताप आहे असं कळवून घरी. ताप नाही. सौ.ला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आणि मी इतकी वर्षं मिस्त्रींच्या कात्रीनबायच्या घरची केळी खाल्ली."

गुरु. २४
कात्रीनबायकडे गेलो. मिस्त्रींची बायको, सत्तरीची. ओट्यावर वाल सोलत होती. बस म्हणाली. बसलो. चार शेंगा मीही सोलल्या, मग म्हटलं, "बाय, ते बोल्ट मी लावले होते."
हात थांबला नाही तिचा. "ठाव हाय."
"मिस्त्री बोलले होते?"
"त्याच दिवशी बोललेला. म्हणायचा, पोरगा आपणहून येईल. वाट बघायचा तुझी, आजारात पण. मग तो गेला तवा तू माती द्यायला आलास. मला वाटलं, आता बोलशील. तू बोललास, बाय, काय लागलं तर सांगा."
मला आठवलं. अगदी हेच म्हणालो होतो.
म्हटलं, आज मास्तरांना सांगतो.
"अंगणात तवा मास्तर एकटा होता काय? सगळ्यांदेखत गेलं माझ्या माणसाचं नाव. रविवारी चर्चात आठच्या मिस्साला सगळी असतात." मग चहा केला. माफ केलं की नाही, विचारायचं धाडस झालं नाही. तिने सोललेले वाल सुपात घेतले आणि आत गेली.

शनि. २६
नवीन कान बसवला, भोकांत पुन्हा बारा आटे पाडले, इंग्लिश बोल्ट घातले. हाताने फिरवत नेले, शेवटपर्यंत कुठे अडले नाहीत. मास्तर बघत होते.
तक्ता सोमवारी टपालात पडायचाय. म्हटलं, एकदा घरी नेऊन तपासतो. म्हणाले, "तुझ्या हातचं काम, वामन, त्यात तपासायचं काय?" मग म्हणाले, रॅलीत शेजारच्या सीटवर तू बसायचं, बाकी कुणी नको. पांढरा कोट शिवून आलाय, तो घालून दाखवला. खांद्यात थोडा सैल आहे.
तिथेच सांगायला हवं होतं. नाही जमलं. उद्या सगळ्यांबरोबर ऐकतील, जास्त लागेल त्यांना. गाडीवरून माझा हात काढतील. मग ती पुरी कोण करणार, आणि मास्तर रॅलीत जाणार कसे.

रवि. २७, सकाळ
सहा ओळींतलं मिस्त्रींचं नाव खोडून माझं लिहिलं. ते सोपं गेलं. कागद उलटून काही विचारत नाही.
मिस्सा सुटला की लोक आवारात पाच-दहा मिनिटं उभे राहतात, तेवढ्यात बोलायचं. कात्रीनबाय मागच्या बाकावर असते, ती आधी बाहेर येईल. मास्तर पुढे बसतात, ते शेवटी. ते बाहेर येईपर्यंत थांबायचं. उभा राहून असा कधी बोललेलो नाही, शाळेतसुद्धा नाही.
सौ.ने विचारलं, मी येऊ? ये म्हटलं. लुगडं नेसतेय.
पहाटेपासून पाठ करतोय. पहिलं वाक्य तयार आहे: मी वामन, आगाशीचा, गुस्तीन मिस्त्रींच्या हाताखाली होतो.
दुसरं तोंडात येत नाही. एस.टी. सव्वासातची आहे.