काळी बोटं

३ मार्च
बायकांना मत मिळालं. निवडणुकीला उभंही राहता येतं म्हणे. आणि उभं कोण राहिलं? माझी सून! समोर कोण? आमच्याच रंगखान्याचा मालक! तिचं मागणं एकच — रंगाच्या हौदात हात घालणाऱ्या प्रत्येक बाईला हातमोजे. "आई, तुमची नखं बघा." बघायचंय काय? दोन गळालीत.

माझा लेक, तिचा नवरा, तिथेच मुकादम. नुसता थयथयाट! "मालकाला तोंड कसं दाखवू?" म्हटलं, आजवर तुझं तोंड बघायला कोण रांग लावून होतं?

९ मार्च
लेक नरमला. "राहा उभी. माझी ना नाही." सुनेने दोनदा विचारून घेतलं. मलाही बरं वाटलं.

१६ मार्च
उद्या मतदान, आणि लेकाने आजच मोठी ऑर्डर आणली. सगळं काळं कापड, आजच्या आज! आम्ही साऱ्या जणी कोपरापर्यंत काळ्या. सूनही. रंग पक्का, धुऊन जात नाही. हात ठणकतोय. पुरे.

१७ मार्च
घात झाला.

मत दिलं की बोटाला काळी शाई लावतात, परत कुणी येऊ नये म्हणून. मतदान केंद्रावरच्या साहेबाने माझे हात बघितले. "मावशी, तुमचं झालंय." माझ्या मागचीचंही झालंय, तिच्या मागचीचंही! अख्ख्या रांगेचं मत न देताच झालं.

घरी येऊन सोडा लावला, दगडाने घासलं. रक्त आलं, काळं हटेना. परत गेले. पाय पुढे केला — इथे लावा शाई! शिपाई फिदीफिदी हसला. "आजी, नियमात पाय नाही."

सुनेला स्वतःचं मत स्वतःला देता आलं नाही. दाराशी उभी राहून एकेकीला परत फिरताना बघत होती. रडली असती तर बरं झालं असतं.

२० मार्च
हरली. कामावरूनही काढली. लेक तिला समजावतो, "नशीब गं, दुसरं काय!" ती भिंतीकडे तोंड करून पडलीय. दोन घास घेत नाही.

२ एप्रिल
गोदाम झाडायला गेले. ते काळं कापड तसंच पडलंय. कारकून म्हणाला, "कसली ऑर्डर, आजी? कुणी दिलीच नव्हती."

रात्री लेकाला वाढताना त्याचे हात बघितले. स्वच्छ. एकाच नखावर शाई.