मधला प्रोसेसर

अहो,

मी सकाळच्या एसटीनं अकोल्याले प्रोसेसर आणाले जाऊन राह्यली. तुमी सांगतलेला चोवीस कोरवाला मी आणणार नाही. लग्नाचं शूटिंग तुमचं, पण कम्प्युटरवर व्हिडिओचं मिक्सिंग तर मीच करते ना?

मंगळवारी चष्म्याचं नाव करून अकोल्याले गेली होती, ते खोटं होतं. माफ करा. पेनड्राइव्हवर आपल्या मेहकरच्याच एका हळदीची फाईल नेली अन् दुकानातल्या दोन मशीनवर चालवून पाह्यली, एक तुमच्या चोवीस कोरवाल्यावर, एक त्याच्याहून लहान मधल्यावर. मोठ्या प्रोसेसरले एकोणीस मिनिटं लागले, मधल्याले तेवीस. तेही दुकानाच्या एसीत. आपल्या टिनाच्या खोलीत मे महिन्यात मोठा तापते अन् आपोआप हळू पडते. म्हणून मधलाच आणते, अन् संगं रॅम दुप्पट घेते.

वांग्याची भाजी कढईत हाये, पोळ्या डब्यात. मी येईपर्यंत कोणाले लग्नाच्या शूटिंगची नवी तारीख देऊ नका.

अन् खरं सांगू? फाईल तयार होईपर्यंत तुमी चहा करून माझ्याजवळ येऊन बसता. त्याले तेवीस मिनिटं तरी पाह्यजेत.

प्रेरणा