चव्वेचाळीस भोकांपैकी दोन

प्रिय धाकट्या,

'प्रिय' लिहावं की नाही, यात एक कप चहा गार झाला. शेवटी लिहिलं, कारण तुला दुसरं काही म्हणायची सवय नाही आणि रागात नवे शब्द सुचत नाहीत. फोन तू उचलत नाहीस. काल सात वेळा केला. आठव्यांदा तुझ्या बायकोने उचलला आणि ते अंघोळीला गेलेत म्हणाली. दुपारी साडेतीन वाजता! इतका स्वच्छ माणूस आपल्या घराण्यात दुसरा झाला नाही. म्हणून हे पत्र गाडीचे भाग रंगवून देणाऱ्या त्या कोटिंगवाल्याच्या हाती पाठवतेय. तुझ्याच हातात दे, बाबांच्या नको, असं त्याला बजावलंय. पूर्ण वाच. अर्ध्यातून उठून जायची तुझी जुनी खोड या एका वेळी आवर.

मी ठीक आहे. कारखान्यात टूलरूममध्येच आहे, तेच बाक, तोच लंगडा स्टूल. परवा एका नव्या मुलीला आटे पाडायच्या टॅपला धार कशी लावायची ते दाखवत होते. तिने विचारलं, मॅडम, तुम्ही घरी गाडी बनवताय म्हणे? भावाची आहे, म्हणाले मी. चार वर्षं तोंडातून 'आमची गाडी' येत होतं, 'भावाची' म्हणायला जीभ वळेना. ते अकरा खोके आले तो दिवस आठवतो? पहिला खोका बाबांनी पहारीने उघडला, आत तेलकट कागदात गुंडाळलेले सुटे भाग. बाबा म्हणाले होते, गाडी काय, कुणीही विकत आणतं, ही आपण तिघं आपल्या हातांनी उभी करू. दर रविवारी मी सकाळी आठला त्यांच्या शेडमध्ये हजर असायचे आणि तू साडेदहाला डोळे चोळत यायचास. तरी बाबांना कौतुक तुझंच. मला त्याचा कधी राग आला नाही, खरंच सांगते. शेंडेफळाचे लाड मीही कमी केले नाहीत.

चाकं गाडीला धरून ठेवणारे ते सगळे दांडे आणि जाड तुकडे तू पावडर कोटिंगला टाकून आलास, आणि आट्यांच्या भोकांना बुचं लावायची राहिली. बुचांची पिशवी तुझ्या डिकीत तशीच पडलेली. भाग परत आले ते राखाडी, चकचकीत, अगदी नव्या नवरीसारखे, पण प्रत्येक भोकात आतपर्यंत तोच राखाडी थर. बोल्ट अर्धा फेरा जाऊन अडायचा. तुझा चेहरा इतका पडला, की मीच पुढे झाले आणि म्हटलं, सोड, मी करते.

आणि मी केलं ते बाबांनी शिकवलं तसंच. एकदा पाडलेल्या आट्यांत परत टॅप घालायचा नाही. टॅपला रंग कुठला आणि लोखंड कुठलं ते कळत नाही, तो दोन्ही कापतो. त्याच मापाचा जुना बोल्ट घ्यायचा, कानशीने त्याला उभ्या तीन खाचा पाडायच्या, तेलाचा थेंब सोडायचा, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. रंगाचा चुरा खाचांत गोळा होतो, लोखंडाला ओरखडा नाही. मग नवा बोल्ट बोटांनी आत घालायचा आणि हलवून पाहायचा. सहज गेला पाहिजे आणि डुगडुगता कामा नये. अशी भोकं एकूण चव्वेचाळीस. तीन रविवार मी मान मोडून बसले होते. बाबा बाजूला खुर्ची टाकून नुसते बघत होते आणि तिसऱ्या रविवारी म्हणाले, हिचा हात माझ्यावर गेलाय. तू तेव्हा दारात फोनवर होतास, तू ऐकलं नसशील.

बेचाळीस झाली. राहिली दोन, पुढच्या दोन चाकांच्या तुकड्यांवरची, जिथे स्टिअरिंगचा दांडा बसतो ती. त्यांचे आटे बारीक, त्या मापाचा जुना बोल्ट शेडमध्ये नव्हता. उद्या कारखान्यातून आणते म्हणाले. सोमवारी संध्याकाळी खाचा पाडलेला बोल्ट पर्समध्ये घालून आले, तर तू म्हणालास, झालं की ताई, दोन मिनिटांचं तर काम. बाकावर राखाडी चुरा होता, आणि त्यात लोखंडाचे बारीक, चमकणारे कीस होते. ड्रिलही तिथेच पडलेलं. टॅप मारलास का रे, मी विचारलं. छे, हातानेच केलं, असं तू म्हणालास. मी दोन्ही भोकांत बोल्ट घालून हलवायला हवा होता. नाही हलवला. दिसत होतं त्यापेक्षा तू म्हणालास ते खरं मानलं, कारण तू म्हणालास. ही माझी चूक. एवढ्यासाठी बाबांनी मला फाडून खाल्लं असतं, तरी मी मान खाली घालून ऐकलं असतं.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण आपण दोघं ते कधी बोललोच नाही. पहिल्यांदा गाडी काढली, तू चालवत होतास, बाबा शेजारी, मी मागून टाळ्या वाजवत पळत. गल्लीच्या वळणावर डावा बोल्ट आट्यांसकट उपसून आला, चाक भलतीकडे वळलं आणि गाडी भिंतीवर. वेग नव्हता म्हणून निभावलं. बाबांचं उजवं मनगट मात्र मोडलं. दवाखान्याच्या बाकावर बसून त्यांनी विचारलं, आटे कसे गेले? आणि तू म्हणालास, साफ तर ताईनेच केले होते ना. बस्स, एवढंच. खोटंही नाही त्यात, बघ. बेचाळीस मीच केले होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी तुझ्याकडे, आणि तू बुटांच्या नाड्यांकडे. तू आता बोलशील, आता बोलशील म्हणून मी गप्प राहिले आणि बाबांना वाटलं, हिच्याकडे बोलायला काही नाही. तिसऱ्या दिवशी मी सगळं सांगायला गेले. त्यांनी ऐकूनही घेतलं नाही. म्हणाले, हात चुकला तर चुकला, पण स्वतःची चूक धाकट्याच्या गळ्यात घालतेस? तोवर तो डावा तुकडा तू भंगारात देऊन टाकला होतास. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

पण यानेही माझं मन इतकं मोडलं नसतं. घाबरला असशील, असं मी आठ दिवस स्वतःला सांगत होते. नवव्या दिवशी तू माझ्या दारात आलास. वाटलं, आलास शेवटी. मी दूध तापत ठेवलं. आणि तू उभ्यानेच म्हणालास, बाबांनी त्यांची टॅपची पेटी परत मागितलीय. मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी दिलेली ती पेटी, तेवीस वर्षं मी पुसून ठेवलेली. मी आणून दिली. तू ती सरळ काखेत मारलीस. वर धीर दिल्यासारखं म्हणालास, आता दोन्ही बाजूंचे तुकडे नवे टाकतोय, काळजी करू नको. तुझे भावोजी मला म्हणतात, विसरून जा, आपलेच दात आणि आपलेच ओठ. जमत नाही. मी तुला सायकल शिकवली, तुझ्या नापासाच्या निकालावर बाबांची खोटी सही केली आणि तू माझं नाव माझ्याच बापाजवळ मातीत घातलंस. चार महिने झाले, बाबा माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत.

हे सगळं मी पोटात ठेवून जगले असते. पत्र लिहावं लागलं ते कालच्या एका गोष्टीमुळे. कोटिंगवाला आमच्या कारखान्याच्या फाटकात भेटला. सहज म्हणाला, तुमच्या भावाचा तुकडा दिला हो करून, या वेळी बुच आठवणीने लावलं होतं त्यांनी. मी विचारलं, तुकडा की तुकडे? एकच, तो म्हणाला, डावीकडचा. म्हणजे उजवा तोच आहे, जुना, तू ड्रिलने टॅप मारलेला. घट्ट वाटतो म्हणून ठेवला असशील. डावाही वाटला होता. त्यानंतर तुला सात फोन केले. आणि आठव्याला तुझी बायको आनंदाने सांगते, बाबांचं मनगट आता पूर्ण बरं झालं, रविवारी त्यांना गाडीतून धरणापर्यंत नेणार आहेत. तो सगळा उताराचा रस्ता आहे, धाकट्या. तो तुकडा बाबांच्या समोर ठेवला, तर मला एक अक्षर बोलावं लागणार नाही. आटे बघून त्यांना कळेल कुणाचा हात होता. माझ्या बाजूने बोलणारी तेवढी एकच वस्तू जगात उरली आहे आणि ती काढून टाक, असं मीच तुला सांगतेय. काढ. नवा लाव. जुन्याचं काय करायचं ते तुझं तू ठरव, भंगारात दिलास तरी मी विचारणार नाही. शनिवारी संध्याकाळपर्यंत कोटिंगवाल्याकडे 'काढला' एवढा निरोप ठेव. नाही आला, तर रविवारी सकाळी मी बाबांच्या फाटकात गाडीसमोर उभी असेन. मला बाजूला हो म्हणायला बाबांना गाडीतून उतरावं लागेल, आणि चार महिन्यांत ते माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य तेच असेल.

तरीही तुझीच,
ताई