होडीतून आलेले रुग्ण

छत्रपती संभाजीनगर,
रविवार, ६ ऑक्टोबर २०२४

चि. डॉ. उमा हिला
अनेक आशीर्वाद.

वेरूळला घरी सगळे बरे असतील. तात्यासाहेबांचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, लेण्यांच्या पायऱ्या पाहुण्यांना दाखवा, स्वतः चढू नका. आमच्याकडे घट बसलेत. तुझ्या काकूंचे उपास, म्हणून मलाही साबुदाण्यावर दिवस काढावे लागतायत. परवा दौलताबादहून सीताफळं आली तर म्हणाल्या, उमाला बोलवा. मी म्हटलं, बोलावतो, पण पोरगी फोन घेईल तेव्हा ना.

रजा टाकून गेलीस, जाताना भेटलीसुद्धा नाहीस. असू दे. वॉर्डात रोज तुझं नाव निघतं. सगळ्या खाटांवर फवारणीची विषबाधा झालेलेच पेशंट आहेत. कपाशीवर यंदा कीड लई, म्हणतात.

बरं, एक किरकोळ गोष्ट. आपल्या विषबाधेवरच्या पेपराबद्दल जर्नलच्या संपादकांची चौकशी आली आहे. आसामकडच्या डॉक्टरांच्या जुन्या पेपरातून आपण बरंचसं उचललं, असं त्यांना कुणीतरी कळवलं. उचललं हा त्यांचा शब्द. पेपरात तुमचं काम नेमकं कोणतं, हे त्यांनी आपल्या दोघांना वेगवेगळं विचारलंय. तू अजून उत्तर दिलेलं नाहीस, हे मला कळलं आहे. कसं कळलं ते विचारू नकोस.

विभागातून जाणाऱ्या प्रत्येक पेपरावर प्रमुखाचं नाव पहिलं असतं. आधी माझ्या सरांचं असायचं, आता माझं असतं, पुढं कधीतरी तुझं असेल. म्हणून प्रमुखानं ओळ न् ओळ वाचावी अशी कुणाची अपेक्षा नसते. आसामचा पेपर मीच तुझ्या हातात दिला, हे खरं. पण नमुना म्हणून दिला. चहाचे मळे काढ आणि कपाशी घाल, असं म्हणालो असेनही, पण ते तू इतकं मनावर घ्यायला नको होतंस.

तू तेव्हा माझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली होतीस, "सर, हे आपले पेशंट नाहीत. तिथलं विष सौम्य आहे. उताऱ्याचा हा डोस इथं कमी पडेल." कॉलेजची तपासणी तोंडावर आली होती, पेपर जायलाच हवा होता. मी तुला गप्प बसवलं आणि तू बसलीस. मला वाटलं, पोरगी शहाणी आहे.

आता संपादक विचारतात, सिल्लोड तालुक्यातले निम्मे रुग्ण दवाखान्यात होडीतून कसे आले? शब्द तू इतके फिरवलेस की नक्कल शोधणाऱ्या सॉफ्टवेअरलाही काही सापडलं नाही. चहा गेला, मळे गेले, नदी गेली, होडी तेवढी राहिली. उमा, तुझ्या हातून कधी स्वल्पविराम सुटत नाही. दोन दिवस मी हाच विचार करतोय. ती होडी तू मुद्दाम ठेवलीस. मी वाचणार नाही, याची तुला खात्री होती. राग आला, खोटं कशाला बोलू? जिला मी शीर शोधायला शिकवलं, तिनं माझ्यासाठीच सापळा लावावा, हे मला फार लागलं.

पण झालं ते झालं. सोबत एक कागद आहे. सगळं लेखन तुझं, मला कसलीच कल्पना नव्हती, एवढंच त्यात आहे. खाली सही कर. तू लहान आहेस, लहानांना लोक माफ करतात. तुझ्या प्रबंधावर माझी सही व्हायची आहे, ते मी मध्ये आणत नाही.

एक सांगायचं राहिलं. सिल्लोडला छोटा दवाखाना चालवणारे डॉ. काकासाहेब तुला आठवत असतील. सकाळी त्यांचा फोन होता. बन्सी नावाचा तरणा गडी फवारणी करताना पडला, तो त्यांच्याकडे आहे. म्हणाले, "सर, तुमच्या पेपरातलाच डोस चालू केलाय, पण गडी काही सुधरंना. वाढवू का?"

मी म्हटलं, पेपरात आहे तेच चालू ठेवा.

दुसरं काय सांगणार? वाढवा म्हटलं की पेपर खोटा ठरतो, आणि आज तो माझा आहे. तुझी सही आली की तो तुझा होईल. मग मला त्यांच्याशी मोकळेपणानं बोलता येईल. त्याआधी नाही.

माझा ड्रायव्हर सांडू हे घेऊन आलाय, तो तुमच्या दारात थांबेल. सही केलेला कागद त्याच्याच हाती दे आणि हे पत्र फाडून टाक. काकासाहेब संध्याकाळी पुन्हा फोन करणार आहेत. बन्सी तोवर तग धरेल, असं त्यांना वाटतं. मला वाटत नाही.

तुझी सही येईपर्यंत पहिला लेखक,
डॉ. केशव