शेळीच्या लेखातून गाळलेलं वाक्य

आबा, मी आता लिहून पैसे मिळवते, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या गावात फोनला रेंज मिळावी म्हणून टेकाडावर चढावं लागायचं, त्यामुळे जरा सविस्तर सांगते. मोबाइलवर माहितीची पानं असतात. त्यांना रोज नवे लेख लागतात, आणि ते लिहायला माझ्यासारखी घरात बसलेली, बी. ए. झालेली माणसं लागतात. मी सांगलीत दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, कुकरच्या शिट्ट्या मोजत, ओट्याच्या कडेला लॅपटॉप ठेवून लिहिते. तुमचे जावई बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर आहेत, त्यांचा पगार घराला पुरतो पण उरत नाही. माझ्या लेखांमुळे लेकीला कॉम्प्युटरचा क्लास लावता आला. मी चष्मा केला. दुकानदारानं विचारलं, "मिस्टर येऊन पैसे देणार का?" मी म्हटलं, "नाही, मीच देते." त्या एका वाक्याचं मोल मला कुणाला समजावून सांगता येत नाही. तुम्हाला सांगता आलं असतं असं वाटतं.

सुरुवातीला केस गळणं, परीक्षेचा अभ्यास, घराचा रंग असलं काहीबाही लिहायची. मग एक दिवस पुण्याहून तिथले संपादक, आम्ही त्यांना सर म्हणतो, त्यांनी विचारलं, शेळीपालनावर कुणी लिहील का. मी लगेच हो म्हटलं. दहिवडीच्या गुरांच्या दवाखान्यात तुम्ही डॉक्टरांच्या हाताखाली ड्रेसर होतात, आणि शाळा सुटली की मी तिथंच असायची. शेळीच्या खुरात काय अडकतं, करडाला जुलाब लागले की आधी काय बंद करायचं, हे मी पुस्तकातून शिकले नव्हते. लिहायला बसलं की तुमचा आवाज कानात यायचा आणि मी तो शुद्ध मराठीत उतरवून घ्यायची. ते लेख सगळ्यात जास्त वाचले जायचे. सर म्हणायचे, "मॅडम, तुमच्या लेखांना मातीचा वास आहे." मला ते आवडायचं. लेखाखाली माझं नाव नसायचं, तरी आवडायचं.

त्या रविवारी दुपारी मी पुढचा लेख लिहीत होते आणि आत्याचा फोन आला. तुमची धाकटी बहीण अजून गावातच एकटी राहते, मुलगा मुंबईला. तिच्या दोन शेळ्या आहेत. होत्या.

"अगं, शेळ्या फुगल्यात दोनी," ती ओरडतच होती. "शेजारच्या बोअरवर लसूणघास केलाय, त्यात शिरल्या. मोबाइलात बगून गोडं तेल पाजलं, तर गाभनी लय खोकायला लागलीया. नाकातनं तेल येतंय गं!"

मी विचारलं, "कसं पाजलंत?"

"कसं म्हंजी? तोंड वर धरून. सांडू नये म्हनून. मोबाइलात लिवलंय तसंच केलं की. पोटफुगीवर घरच्या घरी पाच उपाय."

आबा, तो मथळा माझा होता. मी म्हटलं, तिचं तोंड आधी खाली करा, आता तिला काही पाजू नका, दुसरीला तर थेंबही नको, डॉक्टरांना फोन लावा. आत्या म्हणाली, लावलाय, डॉक्टर शिबिराला गेलेत, तिथून निघालेत, पण दोन तास लागतील. फोन बंद करू नकोस म्हणाली. मग ती शेळीपाशी बसते आणि फोन खाली मातीत ठेवते, आणि मला इकडे सांगलीत त्या शेळीचा श्वास ऐकू येतो. घागरीत थोडंसं पाणी राहिलं आणि ती हलवली की होतो तसा आवाज. जावई आतून विचारतात, कोण आहे. मी हातानं गप्प बसा म्हणते. डॉक्टर पोचायच्या आधी तो आवाज थांबला. शेळी गेली हे मला कळलं. दुसरीच्या पोटातला वायू डॉक्टरांनी नळी घालून काढला आणि ती वाचली, हे संध्याकाळी समजलं. तोवर मी लेख माझा आहे हे एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

फोन ठेवल्यावर मी लॅपटॉपमध्ये जुनी फाइल उघडली. पहिल्या खर्ड्यात ते वाक्य होतं. "तेल पाजताना शेळीची मान वर उचलू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं, थोडं थोडं पाजा आणि खोकली तर लगेच थांबा." छापलेल्या लेखात ते नव्हतं. माझ्या डोक्यात रागाची तिडीक गेली. सरांनीच काढलं असणार. त्यांनीच म्हटलं होतं, तुमचे लेख लांबतात, शंभर शब्द कमी लिहा, वाचक घाबरेल असं काही नको. मी त्यांना फोन लावणार तेवढ्यात मीच पाठवलेला ईमेल दिसला. त्यांना मी पाठवला तो आधीच कापलेला लेख होता. ते वाक्य सरांनी कधी पाहिलंच नव्हतं. मथळ्यात पाच उपाय होते, म्हणून पाचवा उपाय ठेवायला मी ते गाळलं होतं. आणि पाचवा उपाय मी दुसऱ्याच कुठल्या तरी पानावरून उचलला होता.

तुम्ही मला आयुष्यात एकदाच मारलंत. मी पाचवीत होते. दवाखान्याच्या ओट्यावर कुणाची तरी शेळी धरून उभी होते, आणि औषध सांडू नये म्हणून मी तिचं तोंड आभाळाकडे केलं. तुम्ही माझ्या मनगटावर फाडकन चापट मारलीत. "मान खाली! जित्राब आतल्या आत बुडतंय त्येनं." लोकांसमोर मारलंत म्हणून मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही मला बाटली दिलीत आणि म्हणालात, आता तू पाज, मी धरतो. ते सगळं मला आठवत होतं, आबा. वाक्य गाळताना आठवत होतं. मला वाटलं होतं, एवढं तर लोकांना ठाऊकच असतं.

आत्याला खरं सांगायला मी गावी जाते असं म्हटलं. जावई म्हणाले, "सांगायलाच पाहिजे का? नाव कुठं आहे त्यावर तुझं?" ते वाईट मनानं बोलत नव्हते. त्यांना माझं काम जाईल याची भीती होती, आणि मलाही होती. दोन दिवस मी ठरवत आणि मोडत राहिले. बुधवारी विट्याहून एसटी बदलून गेले. आत्या गोठ्यात वाचलेल्या शेळीपुढे पाला टाकत होती. तिनं चहा केला. मी कप खाली ठेवला.

"आत्या, तो तेलाचा लेख मी लिहिलाय."

ती आधी हसली. तिला वाटलं मी काहीतरी दुसरंच बोलतेय. मग तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"तुला ठावं न्हवतं व्हय, मान वर करायची न्हाई ते?"

"ठाऊक होतं."

"मंग?"

"जागा पुरली नाही," मी म्हटलं. तोंडातून बाहेर पडल्यावर ते किती घाण ऐकू आलं ते मी तुम्हाला सांगू शकत नाही.

आत्या भिंतीला टेकून बसली. "तुजा बा असता तर," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "पोटात दोन करडं व्हती गं." मी रडायला लागले तर तिनं मला थोपटलं नाही. उलट विचारलं, "त्ये किती लोक वाचत्यात?"

"खूप."

"मंग हितं रडत काय बसलीयास? ऊठ. काढ जा त्ये."

दहिवडीच्या स्टँडवरून मी सरांना फोन लावला. ते म्हणाले, वाईट झालं, पण तो लेख चांगला चालतोय, आणि त्याचे पैसे तुम्हाला दिलेत, आता तो आमचा आहे. मी म्हटलं, मग निदान एक वाक्य घाला. ते म्हणाले, बघतो. त्यांचं बघतो मला माहीत होतं. मी म्हटलं, "उद्यापर्यंत घातलं नाही तर शेळीवाल्यांच्या जेवढ्या ग्रुपवर मी आहे तेवढ्यांवर माझ्या नावानं लिहीन, की हा लेख माझा आहे आणि अपुरा आहे." मग ते म्हणाले, "तुम्हाला पुढं काम देता येणार नाही, मॅडम." मी "चालेल" म्हटलं. शेजारी बसलेली बाई माझ्याकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ते वाक्य लेखाच्या अगदी वर, ठळक अक्षरांत आलं. पाचवा उपाय त्यांनी स्वतःहून काढून टाकला होता. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही.

मधले काही महिने ओढाताणीचे गेले, लेकीचा क्लास बंद करावा लागला. आता दुसरीकडे लिहिते. लेख कमी मिळतात, पण खाली नाव असतं, आणि जनावरांच्या औषधाचं काहीही असलं की आधी दहिवडीच्या डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवते. ते कधी कधी वैतागतात. क्लास या महिन्यापासून परत सुरू केला. लिहून चार पैसे मिळवायचे असतील तर कसं करायचं, असं शेजारणी विचारायला येतात, आणि मी त्यांना जरूर लिहा म्हणून सांगते, कारण चष्म्याच्या दुकानातलं ते वाक्य त्यांनाही कधीतरी म्हणता यावं असं मला वाटतं. आत्या पूर्वीसारखी बोलत नाही. पण परवा तिची शेळी चारा खाईना तेव्हा तिनं मलाच फोन केला. म्हणाली, "लिवलंय त्ये ऱ्हाऊ दे. तुला काय ठावं हाय त्ये सांग."

हा कागद टपालात टाकायचा नाहीच आहे, म्हणून एक सांगून टाकते. आत्याला हे सांगितलं नाही, तुमच्या जावयांनाही नाही. त्या बुधवारी गावी जाताना, एसटीत बसल्या बसल्या मी मोबाइल काढून तो लेख किती जणांनी वाचला ते पाहिलं. आकडा रविवारपेक्षा वाढला होता. आणि आबा, क्षणभर मला बरं वाटलं.