तू शिखरावर होतीस तेव्हा

प्रिय इंदू,

तू गेल्याला आज अकरा महिने झाले. जिवंतपणी मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. शाळेच्या ट्रेनिंगला महिनाभर निलंग्याला होतीस, तेव्हाही नाही. मग आता का? तर परवा शेजारच्या मुमताजभाभी खिचडी घेऊन आल्या. ताट ठेवलं आणि सहज बोलून गेल्या, "भाभी बोलते थे, पहाड के उप्पर आवाजच नै रहता. अपना सांसच सुनाई देता."

मी घास हातात धरून बसलो. इंदू, हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस.

आठवतं तुला, लातूर जिल्हा नवा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. उस्मानाबादहून बदलून आलेलो आम्ही नकाशे काढणारे, दिवसभर नव्या जिल्ह्याच्या हद्दी शाईनं गिरवत बसायचो. बाहेर दुष्काळ. विहिरींचे तळ दिसायला लागले होते. गल्लीत टँकर आला की तू घागरी घेऊन पळायचीस, तिथून तशीच शाळेत.

एके दिवशी शाळेतून आलीस ती कागद नाचवतच. शिक्षकांसाठी हिमालयात गिर्यारोहणाचं शिबिर होतं. सोबत घरचं माणूस आणलं तरी चालणार होतं.

"अहो, बर्फाचा डोंगर हाय. वरपर्यंत चढायचं."

मी हसलो. "इंदू, आपल्याकडं डोंगर म्हणजे खरोशाची टेकडी. ती चढतानाच तू तीनदा बसतीस."

"हसायलाव काय मला? मग बघाच तुम्ही."

आणि खरंच, दर रविवारी तू मला खरोशाला ओढत नेलंस. पाठीवर ज्वारीची पिशवी बांधून लेण्यांच्या पायऱ्या चढायचीस, उतरायचीस, पुन्हा चढायचीस. तिथली पोरं खिदळायची. तुझा पदर घामानं भिजायचा आणि तुला त्याचं काही नसायचं. मी सावलीला बसून पेपर वाचायचो. तेव्हाच उठून तुझ्याबरोबर चढलो असतो तर?

छोट्या रेल्वेनं कुर्डुवाडी, तिथून मोठी गाडी, मग दिल्ली, मग बस. बसच्या खिडकीतून पहिल्यांदा बर्फ दिसला तेव्हा तू माझा दंड इतका घट्ट धरलास की वळ उठला.

पहिल्या मुक्कामाला ओढा होता. बर्फ वितळून आलेलं पाणी, दुधासारखं पांढरं, दगडांवरून धावत सुटलेलं. शिबिरातल्या सगळ्या बायका फोटो काढायला लागल्या. तू काठावर उकिडवी बसलीस आणि पाण्यात मनगटापर्यंत हात बुडवलेस. हात लालबुंद झाले तरी काढेनास. "अहो, किती चाललंय वाहून! अन कुणी भरून घेत न्हाई." तुझे डोळे भरून आले होते. मी म्हणालो, थंडीनं आलं असेल पाणी. किती शहाणा होतो मी, नाही?

पाच दिवस चाललो. त्या दिवसांचं मला नीट काही आठवत नाही, आठवतं ते स्वप्नासारखं. देवदारांतून तिरपं येणारं ऊन. मध्येच ढग यायचा, तू त्यात शिरायचीस, आणि मला फक्त तुझ्या बांगड्या ऐकू यायच्या. मग ढग निघून जायचा आणि तू कितीतरी वर, हसत उभी! झाडं संपली, गवत संपलं, मग नुसता दगड आणि बर्फ. काळ्या मातीत वाढलेली माणसं आपण. पांढऱ्या मुलखात आपली सावलीसुद्धा मला परकी वाटत होती. तू मात्र माहेरी आल्यासारखी चालत होतीस.

शेवटच्या दिवशी उजाडताना निघालो. दहा वाजायच्या सुमारास माझं डोकं ठणकायला लागलं. पाय उचलेनात. शिखर समोर दिसत होतं, तासाभराची चढण असेल. वाटाड्यानं माझे ओठ बघितले, नाडी बघितली आणि म्हणाला, "साहब, आप यहीं बैठिए. ऊपर नहीं." एका मोठ्या खडकाच्या आडोशाला त्यानं मला बसवलं. त्याचा भाऊ माझ्याजवळ थांबला.

तू माझ्यासमोर उभी होतीस. गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलेलं. "तुम्ही म्हणलाव तर मी बी थांबते."

"जा की. कुणी धरलंय तुला?"

असं म्हणालो मी, इंदू. साधं "जा" म्हणायचं होतं. पण पुढचे शब्द तोंडातून गेलेच. तू माझ्या गळ्याचा मफलर नीट केलास, आणि गेलीस.

दोन-अडीच तासांनी परत आलीस. नाकाचा शेंडा भाजला होता, ओठ फुटले होते, आणि चेहरा... तसा चेहरा मी आपल्या लग्नातही बघितला नव्हता. धापा टाकत माझ्यासमोर गुडघ्यावर बसलीस. "अहो, वर ना..."

"चला. उशीर झालाय," मी म्हणालो.

तू तोंड मिटलंस. आणि मग पस्तीस वर्षं ते वाक्य पुरं केलं नाहीस.

मी पण विचारलं नाही. आधी रागानं. कसला राग, तेही मला सांगता आलं नसतं. बायको वर गेली आणि आपण खाली बसलो, एवढंच. ऑफिसात मी सांगायचो, "आम्ही हिमालयात जाऊन आलो." आम्ही! मग राग कधीतरी विरला, पण विचारायची वेळ निघून गेली असं वाटायला लागलं. इतक्या वर्षांनी काय विचारायचं? तू तरी कसली हट्टी! एकदा जबरदस्तीनं बसवून सांगायचं होतंस. भाजीत मीठ कमी पडलं तर तासभर बोलायचीस तू माझ्याशी.

परवापासून मी गल्लीत फिरतोय. सगळ्यांना विचारतोय. हसू नकोस. तुझी विद्यार्थिनी सरोजा, आता सरकारी दवाखान्यात नर्स आहे, ती म्हणाली, "बाई सांगायच्या, वर आपल्या वर्गाएवढीच जागा हाय, अन तिथून आभाळ खाली दिसतंय." पिठाच्या गिरणीवाल्या शांताबाई म्हणाल्या, तू वर कपाळाला बर्फ लावलास, विभूतीसारखा. टँकरच्या रांगेत तू या बायकांना सगळं सांगत होतीस, तेव्हा मी घरात पेपर वाचत होतो! अख्ख्या गल्लीला तुझं शिखर ठाऊक आहे. एक मी सोडून.

काल पुन्हा मुमताजभाभींकडं गेलो. म्हणालो, अजून काय सांगितलं होतं? त्या आढेवेढे घ्यायला लागल्या. मग म्हणाल्या, "बुरा मत मानो भैया. उप्पर से तुम दिखते थे बोले. काला टिपका. भाभी अपना लाल रुमाल निकाल के हिलाते रहे, हिलाते रहे. लेकिन तुम पहाड को पीठ करके बैठे थे."

खरं आहे, इंदू. मी शिखराकडं पाठ करून बसलो होतो. वाटाड्याचा भाऊ मला हलवून काहीतरी दाखवत होता आणि मी त्याचा हात झटकला होता.

भाभी म्हणाल्या, हे सांगताना तू हसत होतीस. आधी मला बरं वाटलं. रात्रभर विचार केल्यावर आता नाही वाटत.

आपल्या लिंगायत रीतीनं मातीत तुला बसवलं, हातात इष्टलिंग ठेवलं, तेव्हा सगळे म्हणाले शेवटचं बघून घ्या. मी बघितलं. पण ज्या दिवशी बघायचं होतं तो दिवस तो नव्हता.

तुझ्या त्या शिखराकडं जाऊ का, असं डॉक्टरांना विचारून आलोय. चढायचं नाही म्हणाले, गाडीनं जायला हरकत नाही. सरोजा रजा काढतेय, तीच सोबत येणार आहे. उन्हाळ्यात जाऊ. आता बरीच वरपर्यंत सडक झालीय म्हणे. जिथं ती संपते तिथं खुर्ची टाकून बसेन, शिखराकडं तोंड करून. शिखर ढगात असलं तर ढग जाईपर्यंत बसेन. सरोजाला घाई झाली तरी उठणार नाही. हा शब्द देतो तुला.

तुझाच,
अहो